पडदा नव्हता तेव्हा

धाकटीला एकदा तरी मरायचं होतं. स्टेजवर, भरल्या थिएटरात, सगळ्यांच्या देखत. पण तिच्या वाट्याला आल्या त्या सगळ्या भांडकुदळ शेजारणी, बहिऱ्या आत्या आणि चोराला झाडूनं बदडणाऱ्या मोलकरणी. असल्या बायका नाटकात मरत नाहीत. त्या येतात, हशा घेतात आणि चहा करायला आत निघून जातात. धाकटी आत गेली की ती परत कधी येते याची लोक वाट बघायचे, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं. आपण नट म्हणून एक नंबर आहोत याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. शंका होती ती बाकीच्यांबद्दल.

आता ही धाकटी बहीण कुणाची, तर ताईची. ताईनं नाट्यमंडळ उभं केलं तेव्हा ही शाळेत जात होती आणि तालमीला येऊन कोपऱ्यात झोपायची. पुढे धाकटीचं लग्न झालं, नवरा गेला, ती ताईच्या फ्लॅटमध्ये राहायला आली, केस पिकले, वजन वाढलं, पण नाव काही मोठं झालं नाही. मंडळात काल आलेली पोरंसुद्धा तिला "अहो धाकटी" म्हणायची. असलं अहोजाहो जगात दुसऱ्या कुणाच्या नशिबी आलं नसेल.

आणि ताई म्हणजे मंडळ. बारीक, ताठ, नाकावर माशी बसू न देणारी. नाटक ती निवडणार, कामं ती वाटणार, थिएटरच्या मॅनेजरशी भांडायला ती जाणार आणि मुख्य भूमिकाही तीच करणार. सत्तरी उलटली होती. तालमीच्या खोलीचा जिना चढताना ती मधेच थांबायची, आणि थांबली की भिंतीवरचं जुनं पोस्टर वाचत असल्याचं नाटक करायची. रोज तेच पोस्टर. मागून येणारे सगळे बिचारे तिच्यामागे उभे राहून तेच पोस्टर वाचायचे.

ताईनंतर मंडळ कोण बघणार, हा प्रश्न सगळ्यांच्या पोटात होता आणि ओठावर कुणाच्याच नव्हता. मागे एकदा पेटीवाल्या काकांनी "पुढची काही सोय..." एवढंच म्हटलं होतं. पुढच्या नाटकाला पेटीच नव्हती. तेव्हापासून सगळ्यांच्या तोंडाला कुलूप.

धाकटीला मंडळ हवं होतं. आडवळणानं सांगण्यात काय अर्थ, हवंच होतं. कपडे तिनं शिवले, दौरे तिनं सांभाळले, रुसलेल्या नटांना तिनं चहा पाजून परत आणलं. ताईला हे दिसत नव्हतं असं नाही. पण ताई "शाब्बास" म्हणायची आणि पुढचं काम सांगायची.

त्या वर्षी ताईनं एक जुनी इंग्रजी शोकांतिका काढली. चारशे वर्षांपूर्वीची. भाषांतर मास्तरांचं. मास्तर म्हणजे शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले, पण शिकवायचं काही न थांबलेले. नाटकाची गोष्ट सोपी होती. एका दूरच्या देशाची राणी म्हातारी झाली आहे. तिला मूलबाळ नाही. आपल्यामागे गादी कुणाची हे ती सांगत नाही आणि कुणाला विचारूही देत नाही. शत्रू सीमेवर येऊन बसलाय, सरदार दाराआड कुजबुजताहेत. शेवटी तिची सखी, एकाच दाईच्या दुधावर तिच्याबरोबर वाढलेली, भर दरबारात उठते आणि म्हणते, गादी भाच्याला द्या, आणि आजच द्या. राणी तिला विषाचा प्याला देते. सखी मरते. सरदार एकेक करून शत्रूला जाऊन मिळतात, महाल ओस पडतो आणि राणी सखीच्या प्रेताजवळ एकटी उरते. पडदा.

राणी अर्थातच ताई. आणि सखी कोण, तर ताईनं चष्म्यावरून सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं आणि म्हणाली, "धाकटी."

धाकटीला आकाश ठेंगणं झालं. अखेर मरण आलं होतं!

तालमीची खोली एका सायकल दुरुस्तीच्या दुकानावर होती. पत्र्याच्या खुर्च्या, फरशीवर खडूनं आखलेले महालाचे दरवाजे, आणि एक पंखा, जो वाऱ्यापेक्षा आवाज जास्त द्यायचा. त्या खोलीत धाकटीनं पहिल्याच दिवशी असं रडायला सुरुवात केली की खालचा सायकलवाला काय झालं म्हणून वर बघायला आला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ताईनं हातातली संहिता मिटली.

"अगं बाई, तू आल्यापासून रडतेस. विष तुला शेवटच्या अंकात मिळणार आहे."

"पण सखी भोळी आहे ना गं. बिचारी पटकन बोलून जाते आणि जिवानिशी जाते."

"बिचारी नकोय मला. बिचारी कुणीही करेल."

"मग कशी आहे ती?"

"ते तू शोध. मरायचं होतं ना तुला? मग आधी कोण मरतंय ते बघ."

हे धाकटीला लागलं. आपल्याला एखादी बाई कळत नाही म्हणजे काय? म्हणून त्या दिवशी, मास्तर नेहमीप्रमाणे 'ऐतिहासिक पार्श्वभूमी' सांगायला उभे राहिले आणि नेहमीप्रमाणे सगळ्यांनी आपापले मोबाइल काढले, तेव्हा धाकटी खुर्ची ओढून त्यांच्या समोर जाऊन बसली. मास्तरांना इतका मान शाळेतही मिळाला नव्हता. ते खुलले.

"एक लक्षात घ्या," ते म्हणाले. "हे लिहिलं गेलं तेव्हा इंग्लंडच्या गादीवर खरोखरच एक म्हातारी राणी होती. मूल नाही. आणि तिच्यामागे कोण, यावर बोलायची सोय नव्हती. बोललात की तुरुंग."

"मग यानं लिहिलं कसं?" धाकटीनं विचारलं.

"म्हणून तर दूरचा देश. ही आपली राणी नव्हेच हो, कुठलीतरी दुसरीच आहे, असं म्हणायला मोकळे! बघणाऱ्यांना काय कळायचं ते कळायचं."

"म्हणजे तिथे जमलेल्या सगळ्यांच्या पोटात जो प्रश्न आहे, तो ही एकटी मोठ्यानं विचारते."

"भर दरबारात! आता विचार करा, त्या क्षणी लोकांचं काय झालं असेल."

धाकटीला फार विचार करावा लागला नाही. खोलीत तेव्हा तेच झालं होतं. मोबाइल खाली गेले होते. मंडळात सरदाराचं काम करणारा एक वकील होता, मंडळाचे कागद बघणारा, ताईसमोर मान डोलवणारा. त्यानं बुटाची नाडी सोडली आणि परत बांधायला घेतली. नेपथ्य रंगवणारा पेंटर छताकडे बघायला लागला. ताई चष्मा पुसत होती. काच कधीच स्वच्छ झाली होती, तरी पुसत होती.

मास्तरांच्या मात्र गावीही नव्हतं. ते गाडी पुढे हाकत निघाले होते. नाटकं भर दुपारी व्हायची, डोक्यावर छप्पर नाही. बायकांची कामं कोवळ्या आवाजाची पोरं करायची. निम्मे लोक उभ्यानं बघायचे. "आणि समोर पडदा नाही."

"पडदा नाही म्हणजे?"

"नाहीच. स्टेज तीन बाजूंनी उघडं."

"आणि दिवेही घालवता येत नाहीत."

"दुपारचं ऊन ते. कोण घालवणार?"

धाकटीच्या कपाळाला आठी पडली. "मग मेलेली माणसं आत कशी जायची?"

सगळे खो खो हसले. मास्तरही हसले. "लाख मोलाचा प्रश्न आहे. उचलून न्यायचे! म्हणून तर त्या काळच्या नाटकांत शेवटी कुणीतरी म्हणतं, याला उचला, तिला न्या. नाहीतर मेलेल्यानं उठून कपडे झटकत जायचं का?"

"बरं. मग सखीला कोण नेतं?"

"कोण नेतं म्हणजे?"

"सरदार पळाले. दासी पळाल्या. पहारेकरीसुद्धा पळालाय. स्टेजवर राणी एकटी आहे. तुमच्याकडे पडदा नाही. मग मला कोण नेतं?"

मास्तरांनी पिशवीतून इंग्रजी पुस्तक काढलं, शेवटचं पान उघडलं, डोळ्यांजवळ नेलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "राणी सखीला घेऊन जाते. एवढंच लिहिलंय. आणि मी तिथे काय लिहिलं? पडदा!"

"का पण?"

"का काय! जन्मभर जेवढी नाटकं बघितली त्या प्रत्येकाच्या शेवटी पडदाच पडला हो. चार शब्द वाचले, हात आपोआप गेला." मास्तरांना लाज वाटायला हवी होती, पण ते लहान मुलासारखे खूश झाले होते. "अहो धाकटी, तुम्ही माझ्या वर्गात असायला हव्या होतात."

धाकटी तोवर उठून ताईपुढे जाऊन उभी राहिली होती.

"ताई, मला तू न्यायचंस."

"कुठे?"

"आत. ओढत, खेचत, कसंही."

सगळ्यांनी ताईकडे बघितलं, मग धाकटीकडे बघितलं, आणि पेंटर पहिला फुटला. "क्रेन सांगून ठेवू का?" हशा पिकला. धाकटीही हसली, कारण स्वतःच्या वजनाची चेष्टा करायचा पहिला मान ती कधी सोडत नसे. "क्रेनला झेपतंय का विचार आधी," ती म्हणाली.

ताई हसली नाही. "आपल्याकडे पडदा आहे. चांगला मखमली आहे. तो पाडायचा आणि घरी जायचं."

"अगं, पण पडद्यानं सगळं वाया जातं! जिला हिनं मारलं, तिला उचलायलासुद्धा हिच्याजवळ कुणी उरलं नाही. हिलाच उचलायला लागतं. नाटक तिथे आहे ताई. विषात नाही."

"मला नाही जमायचं. माझी कंबर..." ताई एकदम थांबली. आपल्या कमरेबद्दल ती चारचौघांत कधी बोलत नसे.

इथे धाकटीनं गप्प बसायला हवं होतं, असं नंतर सगळ्यांनी तिला सांगितलं. पण जीभ घसरली वगैरे काही नव्हतं. ती पूर्ण शुद्धीवर होती.

"तुला जमत नसेल तर राणी दुसऱ्या कुणाला तरी दे," ती म्हणाली. "कधीतरी द्यावीच लागणार आहे. राणीही आणि मंडळही. कुणाला देणार ते एकदाचं सांगून टाक ना! आम्ही सगळे किती वर्षं तोंड शिवून बसलोय."

पंख्याचा आवाज एकदम मोठा झाला. वकिलानं दुसऱ्या बुटाची नाडी सोडली.

"कुणाला द्यावं असं तुझं म्हणणं आहे?" ताईनं विचारलं. अगदी हळू.

"मला," धाकटी म्हणाली.

ताईनं मान वळवली. दाराजवळ एक किडकिडीत मुलगी बसली होती, दासीचं काम करणारी. तिला सगळे काडी म्हणायचे. "काडी, उद्यापासून सखी तू करायचीस. धाकटी, तू घरी जा. आणि जाताना दूध घेऊन जा, संपलंय."

धाकटी घरी गेली. जाताना दूधही घेतलं. भांडण भांडणाच्या जागी, पण सकाळी चहा दोघींनाही लागायचाच.

फ्लॅट दोन खोल्यांचा. तिथे अबोला धरायचा म्हणजे सर्कस. ताई जे काय बोलायचं ते फ्रीजशी बोलायची. "कुणाला आंघोळीला जायचं असेल तर गरम पाणी आहे," असं ती फ्रीजला सांगायची. धाकटी भिंतीवरच्या घड्याळाला म्हणायची, "कुणी औषध घ्यायला विसरलंय वाटतं." मग फ्रीज उघडायचा, पाण्याची बाटली बाहेर यायची, औषध घेतलं जायचं. फ्रीज आणि घड्याळ यांचं मात्र छान जमलं होतं.

धाकटीला राग आला होता. त्याहून जास्त वाईट वाटलं होतं. मरण हातातोंडाशी येऊन गेलं होतं. आणि ताईनं सगळ्यांसमोर तिला असं काढून टाकलं होतं, जशी ती कुणी कालची पोर आहे. रात्री उशीत तोंड खुपसून ती रडली, आणि रडता रडताही आपण किती छान रडतो असं तिच्या मनात येऊन गेलं. पण आपण बोललो ते चुकलं असं तिला एकदाही वाटलं नाही. शोधून बघितलं तिनं. कुठेच वाटत नव्हतं.

एका दुपारी ताई तालमीला गेली आणि दारावरची बेल वाजली. वकील. हातात संत्र्यांची पिशवी.

"तुमच्यावर अन्याय झाला," तो बसता बसता म्हणाला. "सगळ्यांना कळतंय. ताईंचं आता वय झालं. मी सगळ्यांशी बोललोय. एक बैठक घेऊ, सह्या करू, प्रश्न मिटला. अध्यक्ष तुम्ही. कागदपत्रांचं मी बघेन. ताईंना मानाची खुर्ची देऊ, शाल देऊ. कुठे काही कमी पडू द्यायचं नाही."

आता बघा. इतकी वर्षं जे हवं होतं ते समोर येऊन सोफ्यावर बसलं होतं, वर संत्री घेऊन आलं होतं. धाकटीला क्षणभर मोह झाला. खोटं कशाला बोला, झालाच.

"हे तुम्ही ताईसमोर बोलाल?" तिनं विचारलं.

"समोर कशाला? उगाच त्यांना त्रास."

धाकटीला हसू फुटलं. खदखदून हसली ती. वकील बावचळला.

"वकीलसाहेब, सरदाराचं काम तुम्ही झकास करणार आहात. असंच करा, काडीचा फरक करू नका." ती उठली आणि दार उघडून उभी राहिली. "मी जे बोलले ते तिच्या तोंडावर बोलले. पाठीमागे बोलायचं असतं तर ते मी कधीच उरकलं असतं. या आता. संत्री राहू द्यात."

दार लावलं आणि ती तिथेच थबकली. सरदार दाराआड कुजबुजतात. सखी समोर उभी राहून बोलते. अरेच्चा! म्हणजे ती भोळी कुठे होती? प्याला येणार हे तिला पहिल्या अंकापासून माहीत होतं. राणीला तिच्याइतकं ओळखणारं होतंच कोण? तरी ती पळाली नाही. का पळेल? ज्या माणसावर एवढा जीव आहे, त्याला खरं सांगायचा हक्क दुसऱ्या कुणाचा असतो? सखी घाबरलेली नव्हतीच. महालात तेव्हा न घाबरलेली ती एकटीच होती, राणी धरून.

धाकटी स्वयंपाकघरात गेली, ओट्यासमोर उभी राहिली आणि दुधाच्या पातेल्याला उद्देशून सखीचं शेवटचं भाषण म्हटलं. डोळ्यांत टिपूस नाही, आवाज स्वच्छ, मान ताठ. गादी भाच्याला द्या, आणि आजच द्या. तिच्या स्वतःच्याच अंगावर काटा आला. एवढं सुंदर काम झालं आणि बघायला पातेल्याशिवाय कुणी नव्हतं, याचं तिला मनापासून वाईट वाटलं.

रंगीत तालीम थिएटरात होती. धाकटीला कुणी बोलावलं नव्हतं. ती गेली. शेवटच्या रांगेत अंधारात जाऊन बसली.

काडीनं काम वाईट केलं नाही. पोर गुणी होती. प्याला घेतला, खाली पडली, सरदार पळाले, आणि धाकटीनं श्वास रोखला, कारण पडदा पडला नाही. ताईनं शेवट बदलला होता! राणी उठली, खाली वाकली, काडीला अलगद दोन्ही हातांवर घेतलं आणि संथ पावलं टाकत आत निघून गेली. विंगेत टाळ्या पडल्या. पेंटरनं शिट्टीसुद्धा मारली.

ताई काडीला घेऊनच परत बाहेर आली. "उतर गं," म्हणाली. "नाही. हे खोटं आहे."

"खोटं काय ताई, किती सुंदर दिसत होतं!" वकील म्हणाला.

"सुंदर दिसत होतं तेच म्हणतेय मी. वाळत घातलेली शाल उचलावी तशी हिला उचलली. हिला मारून माझं काय गेलं? काहीच नाही." ताईनं डोळ्यांवर आडवा हात धरून अंधारात बघितलं. "माझी धोंड कुठाय? मघापासून मागे बसून संत्रं सोलतेय. वास येतोय मला इथवर."

"इथे आहे," धाकटी अंधारातून म्हणाली.

"वर ये."

धाकटी रांगांमधून चालत गेली, पायऱ्या चढून स्टेजवर गेली. काडीनं "मला दासीच बरी," म्हणत सखीचा झगा तिच्या हातात दिला. कितीतरी दिवसांनी ताई फ्रीज सोडून तिच्याशी बोलत होती, आणि चेहऱ्यावर माया वगैरे काही दिसत नव्हती.

"एक अट आहे," ताई म्हणाली. "रेटायचं नाही. टाचेनं नाही, कोपरानं नाही. तुझी सवय मला माहीत आहे, जो दिसेल त्याला मदत करत सुटतेस. मेलेलं माणूस मदत करत नाही."

"आणि तुला नाही ओढता आलं तर?"

"तर नाही आलं."

"आता एकदा करून बघूया?"

"वेडी आहेस? या कमरेत एकच खेळ आहे. तो लोकांसमोर करायचा."

बाकीच्या गोष्टीबद्दल ताईनं चकार शब्द काढला नाही. धाकटीनंही विचारलं नाही. ती एकदा विचारून बसली होती, आणि तेच तेच विचारणाऱ्यांतली ती नव्हती.

खेळाच्या दिवशी थिएटर भरलं होतं. धाकटी स्टेजवर आली आणि लोक हसले. हसणारच. इतकी वर्षं तिच्याकडे बघून हसायची सवय. धाकटीनं त्यांना पोटभर हसू दिलं. ती नुसती उभी राहिली, घाई केली नाही, आणि हसणं आपोआप ओसरलं. मग तिनं बोलायला सुरुवात केली. दुसऱ्या अंकापर्यंत तिला कळलं होतं की लोक आता तिच्या मुठीत आहेत. शेवटच्या अंकात ती भर दरबारात उठली आणि म्हणाली, गादी भाच्याला द्या, आणि आजच द्या. वकिलानं नजर चुकवली, आणि तो अभिनय होता की नव्हता हे त्याचं त्यालाच ठाऊक. धाकटीनं राणीच्या डोळ्याला डोळा भिडवून प्याला हातात घेतला आणि एका दमात रिकामा केला.

मग ती मेली. काय मेली म्हणता! गडबड नाही, तडफड नाही, नुसती गुडघ्यांवर आली आणि आडवी झाली.

सरदार गेले. दासी गेल्या. पहारेकऱ्यानं भाला टाकला आणि तोही गेला. डोळे मिटून पडल्या पडल्या धाकटीला ताईची पावलं जवळ येताना ऐकू आली. दोन बारीक हात तिच्या काखांत शिरले. एक हिसका बसला. काही झालं नाही. दुसरा हिसका. काही नाही. तिसऱ्याला ती वीतभर सरकली आणि तिच्या टाचा फळ्यांवर खरखरल्या.

धाकटीच्या अंगातली प्रत्येक शीर म्हणत होती, टाच रोव, थोडी रेट, कुणाला दिसणार आहे? ताईचा श्वास तिच्या कानाशी फाटत होता. जिना चढताना यायचा तसा नाही, त्याहून वाईट. पण धाकटीनं रेटलं नाही. जड तर जड, आहे तेवढं सगळं वजन तिनं ताईच्या हातांवर सोडून दिलं. जन्मात तिनं इतकं अवघड काम केलं नव्हतं.

आणखी वीतभर. आणखी. एक चप्पल निसटून मागे राहिली. विंगेत पेंटरला बघवेना. त्यानं पडद्याच्या दोरीला हात घातला, आणि राणीनं मान वळवून त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं हात पाठीमागे बांधून घेतले. लोकांत कुणीतरी हुंदका दिला.

अर्ध्या वाटेवर ताईला पुढे जाता येईना. ती मटकन खाली बसली. धाकटीचं डोकं तिच्या मांडीवर आलं. हे बसवलेलं नव्हतं. नाटकात इथे एकही वाक्य नव्हतं. राणी सखीच्या चेहऱ्यावर वाकली, कपाळाचा मुका घ्यावा तशी, आणि तिचे ओठ धाकटीच्या कानाशी आले.

"नाही गं झेपत मला आता," ताई कुजबुजली. लोकांकडे तिची पाठ होती. "तू घे मंडळ. उद्यापासून. मी सांगते सगळ्यांना."

हे ऐकायला धाकटीनं अर्धं आयुष्य काढलं होतं. तिच्याजवळ उत्तरं तयार होती, हसवणारी, रडवणारी, हवी तसली. ताईला मिठी मारायची होती. कंबर किती दुखतेय ते विचारायचं होतं. आणि ती मेलेली होती, थिएटरभर लोकांसमोर, डोळे मिटून. बोट हलवायची सोय नव्हती. मिटल्या डोळ्याच्या कडेनं एक गरम थेंब निघाला आणि कानाकडे घसरायला लागला.

राणीनं शालीच्या टोकानं सखीचा चेहरा पुसला.

"रडू नकोस," ताई ओठ न हलवता म्हणाली. "मेली आहेस तू."

मग तिनं पुन्हा दोन्ही काखांत हात घातले आणि ओढायला लागली.